चिंचोक्यांचं जायकवाडी: इतिहास-भूगोलाच्या तासाला खेळ कशासाठी?

"मॅडम, भूगोलाच्या तासाला चिंचोके कशाला मागवले होते?"

पालकसभेत एका वडिलांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मुलगा नववीत, पुढच्या वर्षी बोर्ड, आणि तो घरातून पिशवीभर चिंचोके घेऊन निघालेला. विचारलं तर म्हणतो, "उद्या आमचा पाण्याचा खेळ आहे." बाकीच्या पालकांनीही माना डोलावल्या. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून 'अनुभवाधारित शिक्षण' हा शब्द परिपत्रकांतून आणि प्रशिक्षणांतून सारखा कानावर पडतो. घरापर्यंत मात्र एवढंच पोचतं की शाळेत आता पुस्तक कमी आणि खेळ जास्त. मग काळजी वाटणारच.

त्या दिवशी दहा मिनिटांत जमलं तेवढं मी सांगितलं. ते पुरेसं नव्हतं, म्हणून हा लेख. मी अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यावरच्या एका गावात आठवी ते दहावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. भूमिकाखेळ हा माझ्या शिकवण्याचा लहानसा भाग आहे, वर्षाकाठी फार तर बारा-पंधरा तास. पण त्या तासांत जे होतं ते खडू-फळ्यानं मला कधी साधलं नाही.

## भातुकली आणि गॅदरिंग

भूमिकाखेळ समजून घ्यायला लांब जायला नको. भातुकली आठवा. एक आई होते, एक पाहुणी, एक दुकानदार. पाहुणी मध्येच म्हणते, "मला पोहे नकोत, माझा उपास आहे." आता आईला काहीतरी सुचावं लागतं, कारण संवाद कुणी लिहून दिलेले नाहीत. ती साबुदाणा आणायला दुकानात जाते आणि दुकानदार म्हणतो, "आधीची उधारी द्या." पाच-सहा वर्षांची पोरं तिथे घर आणि बाजार चालवून बघत असतात.

आता शाळेचं गॅदरिंग आठवा. आग्र्याहून सुटका. संवाद पाठ, मिशा चिकटवलेल्या, पेटारे पुठ्ठ्याचे. महाराज पेटाऱ्यात बसणार आणि सुटणार, हे पहिल्या रांगेतल्या आजींनाही ठाऊक असतं. ते नाटक आहे, आणि नाटकाची गोडी वेगळी.

भूमिकाखेळ हा भातुकलीचा मोठा भाऊ. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड असतं. तुम्ही कोण, तुम्हाला काय हवं आहे, आणि तुम्हाला काय ठाऊक आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. इतरांच्या कार्डावर काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. नियम ठरलेले असतात, शेवट ठरलेला नसतो. बी.एड.ला आम्हाला 'नाट्यीकरण' आणि 'भूमिकापालन' शिकवतात, पण प्रत्यक्ष वर्गात त्याचं बहुधा गॅदरिंगच होतं.

अभिरूप संसदेचंही असंच होताना मी पाहिलं आहे. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद योजना १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून सुरू झाली. योजना चांगली आहे. मुलं धीट होतात, अध्यक्षांना उद्देशून बोलायचं असतं हे त्यांना कळतं. पण स्पर्धा म्हटली की प्रश्नोत्तराच्या तासातले प्रश्नही पाठ आणि उत्तरंही पाठ. मांडलेलं विधेयक कुणाचाही अंदाज चुकवून पडलंय, असं होत नाही. खऱ्या सभागृहात ज्या क्षणी सगळ्यांचा श्वास रोखला जातो, तो क्षणच तिथे नसतो.

## हा प्रकार आला कुठून

थोडक्यात सांगते. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ रुजला. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं वडिलांच्या जुन्या खेळावरून तो बेतला होता. दोन्ही बाजू आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायच्या. समोरच्याच्या हालचाली पूर्ण दिसायच्या नाहीत, आणि नशिबाचा भाग फाशांवर सोपवलेला असायचा. पुढे दीडशे वर्षांनी, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. त्यात फौजेच्या जागी एकेका खेळाडूला एकेक पात्र मिळालं, पंच मात्र कायम राहिला. वर्गात हा पंच म्हणजे शिक्षक.

शिक्षणात याचा नेटका वापर मार्क कार्न्स या इतिहासाच्या प्राध्यापकांनी केला, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात, १९९० च्या दशकात. त्यांच्या पद्धतीतला एक खेळ तर आपल्याच इतिहासावर आहे: १९४५ ची सिमला परिषद. अमेरिकेतली मुलं काँग्रेस, मुस्लिम लीग, संस्थानिक अशा भूमिका घेऊन फाळणीपूर्व भारताचं भवितव्य ठरवायला बसतात. हे वाचल्यावर माझ्या मनात आलं की ती मुलं हे करतात, तर आमची का नकोत? डेन्मार्कमध्ये होब्रो गावी २००६ पासून एक निवासी शाळा आहे, तिथे जवळजवळ सगळेच विषय भूमिकाखेळातून शिकवतात. तेवढं आपल्याला करायचं नाही आणि करता येणारही नाही. पण वर्षातून तीन-चार खेळ कुठल्याही शाळेला जमण्यासारखे आहेत.

## चिंचोक्यांचा खेळ

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते.

पाच बाकं जोडून आम्ही गोदावरीचं खोरं करतो. वरच्या टोकाला वरच्या धरणांच्या चार वाट्या: गंगापूर, दारणा, प्रवरा, मुळा. खालच्या टोकाला एक पातेलं, ते जायकवाडी. एक चिंचोका म्हणजे एक टीएमसी. हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतो, पण किती पाणी ते फारसं कुणी सांगत नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. मुळा धरण २६ टीएमसीचं आणि भंडारदरा ११ टीएमसीचं, हे आमच्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ असतं.

फळ्यावर तारीख लिहिते, १५ ऑक्टोबर. पाऊस कमी झालेला आहे. जायकवाडीचा उपयुक्त साठा, म्हणजे मृतसाठा सोडून वापरता येणारं पाणी, धरण भरल्यावर सुमारे ७६ टीएमसी असतो. म्हणजे पातेल्यात ७६ चिंचोके मावतात. मी ३० टाकते. वरच्या वाट्या बऱ्यापैकी भरलेल्या असतात. खऱ्या दुष्काळी वर्षांतही चित्र साधारण असंच असतं.

चौपन्न मुलांचा वर्ग. एका भूमिकेला सहा-सात जण. नाशिकचे द्राक्ष बागायतदार, प्रवराकाठचे ऊस उत्पादक, साखर कारखान्याचे संचालक, छत्रपती संभाजीनगर महापालिकेचे पाणीपुरवठा अभियंते, अंबडचे मोसंबी बागायतदार, पैठणचे मच्छीमार, पाटबंधारे खात्याचे अधिकारी, आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचे सदस्य. एक कार्ड जसंच्या तसं देते:

"तुम्ही अंबड तालुक्यातले मोसंबीवाले. तुमची झाडं नऊ वर्षांची आहेत. ऊस एक वर्ष हुकला तर पुढच्या वर्षी लावता येतो, बाग जळाली तर नवी बाग फळाला यायला चार-पाच वर्षं जातात. तुम्हाला जानेवारीत एक आणि मार्चमध्ये एक, अशी दोन आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या) हवीत. फक्त तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट: तुमच्या भागात काही जण रात्री कालव्यात चोरून मोटारी टाकतात."

नदीचा एक नियम आहे. वरून सोडलेलं सगळं पाणी खाली पोचत नाही, कोरडं पात्र ते पिऊन टाकतं. म्हणून दर चार चिंचोक्यांमागे फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर दोन चिंचोके गेले, नाहीतर एक. हे प्रमाण खेळापुरतं आहे, खऱ्या नदीत ते पात्र किती तापलंय आणि विसर्ग किती आहे यावर ठरतं. फासा टाकायचा नियम फक्त पाटबंधारेवाल्यांच्या कार्डावर लिहिलेला असतो.

पिशवीभर चिंचोके आणणाऱ्या त्या मुलाला महापालिकेच्या अभियंत्याचं कार्ड आलं. घरी चार एकर ऊस. कार्ड वाचून तो माझ्याकडे आला. "मॅडम, हे कार्ड नको. मी पाणी खाली सोडा म्हणू? गावात राहायचंय मला." मी म्हटलं, "पटवून घेऊ नकोस. कार्डावरच्या माणसाला काय हवंय तेवढं नीट मांड, आणि तास संपला की कार्ड मला परत दे." पहिली दहा मिनिटं तो गप्पच होता. मग कारखान्याच्या संचालकांनी मोठ्या मनानं दोन चिंचोके देऊ केले आणि वर सुनावलं, "शहरवाल्यांनी गाड्या धुणं बंद करावं." हा उठला. म्हणाला, "गाड्या धुवायचं पाणी मीही बंद करतो. आता तुमच्या एका आवर्तनाला किती लागतं आणि माझ्या शहराला महिन्याला प्यायला किती लागतं, ते फळ्यावर लिहू. दोन्ही लिहू." पाटबंधारेवाल्यांना आकडे विचारले गेले, ते फळ्यावर आले, आणि वर्ग त्या आकड्यांकडे बघत राहिला.

खेळ पुढे सरकला आणि मला अपेक्षित नव्हतं ते झालं. चारही वाट्या तत्त्वतः पाणी द्यायला तयार झाल्या. पण प्रत्येकाचं म्हणणं एकच: आधी त्यांनी सोडावं. गंगापूर म्हणे दारणेनं सोडावं, दारणा म्हणे मुळेत सगळ्यात जास्त आहे, आणि मुळेवाले म्हणे आम्हीच का. गंगापूर आणि दारणावाल्यांनी तर मधल्या दोन मिनिटांत प्राधिकरणाच्या एका सदस्याला गाठून मुळेकडूनच सगळं घ्यायचं ठरवून टाकलं. बोंबाबोंब झाली. आणि पातेल्यात तीसच चिंचोके. कुणीही दुष्ट नव्हतं, तरी खालचं भांडं अर्ध्याहून जास्त रिकामं.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, याला काहीतरी कायदा पाहिजे ना! असं रोज कसं भांडायचं?"

## प्रश्न आधी, उत्तर नंतर

या वाक्यासाठी तीन तासिका खर्च झाल्या तरी माझी हरकत नाही.

पाठ्यपुस्तकात उत्तर आधी येतं. अमुक साली अमुक कायदा झाला, त्याची चार वैशिष्ट्यं. मुलांच्या मनात तो प्रश्न कधी उगवलेलाच नसतो, त्यामुळे उत्तर टेकायला जागा नसते. तहान नसलेल्या माणसासमोर तांब्या ठेवावा तसं होतं. खेळात आधी तहान लागते. कायदा हवा असं वर्गानं स्वतः म्हटल्यावर मी फळ्यावर लिहिलं: महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५. त्याच्या कलम १२(६)(क) मध्ये टंचाईचं दुःख खोऱ्यातल्या सगळ्यांनी समान वाटून घ्यायचं तत्त्व आहे. त्यावर मेंढेगिरी समितीनं २०१३ साली सूत्र बसवलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी सोडायचं. ७६ चे ६५ टक्के म्हणजे ४९ चिंचोके, हा हिशोब मुलांनी माझ्याआधी केला.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर याच सूत्राप्रमाणे सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला, आंदोलनं झाली, प्रकरण न्यायालयात गेलं. त्या बातम्या मुलांनी पूर्वीही ऐकल्या होत्या, पण एका बाजूच्या, घरातल्या आवाजात. आता त्यांनी त्याच बातम्या पुन्हा वाचल्या तेव्हा कोण काय म्हणतंय आणि का म्हणतंय, हे त्यांना ओळखू येत होतं. मतं बदलली का? बहुतेकांची नाही. कार्ड परत देताना तो मुलगाही म्हणाला, "मला अजूनही वाटतं आमचं पाणी आमचंच आहे." हे मला चालतं. त्याला आता समोरच्याची बाजू पूर्ण मांडता येते, आणि तरीही त्याचं मत त्याचंच आहे.

## खेळ संपल्यावरचा तास

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. खेळानंतरची चर्चा कधीही टाळू नका. आम्ही तिला 'उकल' म्हणतो. त्यात आधी कार्डं परत घ्यायची आणि प्रत्येकानं आपलं खरं नाव मोठ्यानं सांगायचं. ऐकायला बालिश वाटेल, पण भूमिका अंगावरून उतरवायला ते लागतं. मग काय झालं, का झालं, आणि खरं जग यापेक्षा कुठे वेगळं आहे, यावर बोलायचं.

पहिल्या वर्षी मी ही उकल केली नाही. घंटा झाली, मुलं सुटली, आणि भांडण तसंच मधल्या सुट्टीत मैदानावर गेलं. दोन मुलं आठवडाभर एकमेकांना 'पाणीचोर' म्हणत होती. चूक सर्वस्वी माझी होती. खेळ तापवतो, शिकणं निवल्यावर होतं, हे तेव्हा मला उमगलेलं नव्हतं.

## "पण इतिहास तर घडून गेलाय"

पाण्याचा प्रश्न आजचा आहे, तिथे शेवट मोकळा ठेवता येतो. इतिहासात कसं करणार? मुलांनी भलताच निकाल लावला आणि तोच डोक्यात राहिला तर? हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो.

दहावीला मी संविधान सभेतला एक वाद घेते. संविधानाच्या मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेखच नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांवर कठोर टीका केली आणि मसुद्यानं खेडं हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल समाधान व्यक्त केलं. सभागृहात खळबळ उडाली. ह. वि. कामत, एन. जी. रंगा यांच्यासारख्यांना हे मान्य नव्हतं. गांधीजींना जाऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं, आणि त्यांचं ग्रामस्वराज्य संविधानात कुठेच नाही, हे अनेकांना खुपत होतं. उलट बेगम ऐजाझ रसूल यांनी, पंचायती हुकूमशाही वृत्तीच्याही होऊ शकतात, असा मुद्दा मांडला.

या चर्चेतले मुद्दे मी कार्डांवर सोप्या मराठीत उतरवते. ज्या मुलांच्या आज्या-आजोबांनी गावाचा न्याय वेगवेगळ्या बाजूंनी अनुभवला आहे, ती मुलं इथे फार खोल बोलतात. एका वर्षी वर्गानं पंचायतींना संविधानात स्थान द्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या वर्षी थेट अधिकार देऊन टाकले. दोन्ही वेळा निकाल 'चुकला'.

आणि तिथूनच खरा इतिहास सुरू झाला. पुढच्या तासाला विचारते, "मग खरं काय झालं असेल?" २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली, आंबेडकरांनी ती स्वीकारली, आणि आजचं कलम ४० तयार झालं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत बसवलं, म्हणजे त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. "अच्छा, म्हणजे दिलंही आणि नाहीही," एक मुलगा म्हणाला. मधली वाट काढणं किती अवघड असतं ते त्याला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी ती काढायला गेला आणि कुणी ऐकलं नाही. पंचायतींना संवैधानिक दर्जा मिळायला १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली. इतकी वर्षं का लागली, हे आता त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

इतिहास शिकताना आपल्याला वाटत राहतं की जे झालं ते तसंच होणार होतं. त्या सभागृहात बसलेल्या माणसांना मात्र उद्या काय होणार हे माहीत नव्हतं. वर्गाचा चुकलेला निकाल ती अनिश्चितता मुलांना चाखायला देतो. अट एकच, खरा निकाल त्याला खेटून लगेच यायला हवा. आठवडा मध्ये गेला तर मात्र आक्षेप खरा ठरतो.

## पोर्शन, मार्क आणि गोंगाट

दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. सनावळ्या, योग्य पर्याय, जोड्या यांसाठी भूमिकाखेळाचा काडीचा उपयोग नाही, हे मी पालकांना स्पष्ट सांगते. त्याला उजळणीच लागते आणि ती मी घेते. फरक पडतो तो 'सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात. पूर्वी मुलं गाईडमधली चार वाक्यं लिहायची. आता 'पण', 'तरीही', 'दुसरीकडे' असे शब्द उत्तरांत दिसतात. माझ्या वर्गापुरतं हे मी पाहिलं आहे, त्यापलीकडे दावा करत नाही. एका खेळाला तीन तासिका जातात: एक वाचायला, एक खेळायला, एक उकलीला. प्रत्येक धड्याला हे शक्य नाही आणि तशी गरजही नाही.

गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाच्या सरांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

बोलक्या मुलांचंच फावतं, असं एक आई म्हणाल्या आणि ते मला लागलं, कारण ते खरं होतं. म्हणून चिठ्ठी आणली. कुठलाही निर्णय पंचाकडे लेखी द्यायचा, तोंडी धरला जाणार नाही. जुन्या प्रशियन खेळातलीच ही युक्ती. आणि फाशाचा नियम ज्या कार्डावर असतो, ते पाटबंधाऱ्याचं कार्ड मी मुद्दाम वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलांना देते. किती चिंचोके वाटेत जिरतील हे फक्त त्यांनाच सांगता येतं. वर्षभरात जिच्या तोंडून चार वाक्यं ऐकली नव्हती, तिच्या बाकाभोवती त्या दिवशी द्राक्षवाले आणि कारखानदार रांग लावून उभे होते. ती हळू आवाजातच बोलली. बाकीच्यांना गप्प बसून ऐकावं लागलं.

## काय खेळू नये

इथे मला थोडं थांबायचं आहे.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या रायसव्हिल गावी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, जेन एलियट या शिक्षिकेनं तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले आणि एका गटाला कमी लेखायला सुरुवात केली. भेदभाव काय असतो ते मुलांना कळावं हा हेतू. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे रॉन जोन्स या शिक्षकानं, नाझी राजवटीमागे सामान्य माणसं कशी गेली हे समजावायला, वर्गातच एक कडक शिस्तीची चळवळ उभी केली. काही दिवसांतच ती वर्गाबाहेर पसरली आणि त्याला ती थांबवावी लागली. दोन्ही प्रयोगांचं आजही कौतुक होतं. मला ते धोक्याचे वाटतात. आपण कशात उतरतो आहोत हे मुलांना पुरतं माहीत नव्हतं, बाहेर पडायची वाट नव्हती. भातुकलीत कुणीही कधीही "मी नाही खेळत" म्हणू शकतं. ते म्हणता येत नसेल तर तो खेळ उरत नाही.

काही वर्षांपूर्वी मी चवदार तळ्यावर भूमिकाखेळ बसवायला घेतला होता. कार्डं लिहून झाली होती. वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीनं मान खाली घालून विचारलं, "मॅडम, मला कुठलं कार्ड येणार?" मी ती कार्डं त्याच दिवशी फाडून टाकली. माणसानं तळ्यातलं पाणी प्यावं की नाही, याला दुसरी बाजू आहे असं भासवून मी पोरांना त्या बाजूनं वाद घालायला लावणार होते. आणि ज्यांच्या घरात ती जखम अजून ओली आहे, त्या मुलांना ते ऐकत बसावं लागणार होतं. पाण्याची वाटणी हा सौद्याचा विषय होऊ शकतो, माणसाची प्रतिष्ठा होऊ शकत नाही. फाळणीतल्या कत्तली, छळछावण्या, अस्पृश्यता यांत कुणाला कुठल्याच बाजूला उभं करायचं नाही, हे मी तेव्हा ठरवलं.

मग तो विषय सोडून द्यायचा का? अजिबात नाही. आता मी सगळ्या वर्गाला एकच भूमिका देते: तुम्ही चौकशी समिती आहात. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं करायचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला सत्याग्रह का करावा लागला? ठराव कागदावर का राहिला? पुढे नगरपालिकेनं तो मागे का घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ का उजाडलं? कागद वाचा, तारखा लावा, अहवाल लिहा. त्या वर्षीचा सगळ्यात नेटका अहवाल त्याच मुलीच्या गटाचा होता.

## वडिलांनी सांगितलेला नियम

पालकसभा संपल्यावर ते वडील थांबले. म्हणाले, "ते कार्ड दाखवा, पोराला आलं होतं ते." मी दिलं. त्यांनी उभ्यानंच दोनदा वाचलं. मग बाकीचीही मागितली आणि बाकावर बसून एकेक वाचत गेले. मोसंबीवाल्यांच्या कार्डावर जरा वेळ लावला.

"यात एक राहिलंय मॅडम," ते म्हणाले. "पाणी सोडलं की नदीकाठची लाइट बंद करतात. मोटारी चालू नयेत म्हणून. आमच्या विहिरींवरच्या पण बंद पडतात. आणि बंधाऱ्याच्या फळ्या काढतात. ते कुठंच नाही तुमच्यात."

खरंच नव्हतं. या वर्षीच्या खेळात नवा गट आहे: नदीकाठचे शेतकरी. पाणी त्यांच्या डोळ्यांसमोरून जातं आणि त्यांची वीज बंद असते. त्यांचं कार्ड मी त्या वडिलांनाच लिहायला सांगितलं. ते त्यांनी वहीच्या पानावर लिहून मुलाबरोबर पाठवलं, आणि खाली एक ओळ घातली: 'गुरांच्या पाण्याचं काय, हे कुणीतरी विचारावं.'